जादा मीटरची वायरिंग व फ्यूज (मोटारगाडी)

ऑइल प्रेशर, कूलंटचे तापमान, व्होल्टेज, टर्बोचा बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) असे कंपनीने न दिलेले मीटर गाडीत नंतर बसवताना करावयाची विजेची जोडणी आणि तिचे संरक्षण. जोडणी 12 व्होल्टची असल्याने तिच्याकडे हलक्याने पाहिले जाते, आणि ते चूक आहे. शॉर्ट झाल्यास बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते व बारीक वायर लालबुंद होते.

बहुतेक इलेक्ट्रिक मीटरना चार जोडण्या लागतात: चावी फिरवल्यावर चालू होणारा पुरवठा, अर्थ (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडणी), सेन्सरची वायर आणि रात्रीच्या दिव्याची वायर. पुरवठा इग्निशनच्या सर्किटवरून घ्यावा. अ‍ॅक्सेसरीचे सर्किट अनेक गाड्यांत स्टार्टर फिरताना बंद पडते आणि नेमके त्याच क्षणी ऑइल प्रेशर दिसत नाही.

फ्यूज मीटरसाठी असतो असे अनेकांना वाटते; खरे तर तो वायर वाचवतो. म्हणून त्याची जागा पुरवठा जिथून घेतला तिथे, अगदी जवळ. मीटरच्या मागे लावलेल्या फ्यूजमुळे अलीकडची सगळी वायर संरक्षणाविना राहते. साधा मीटर एक अँपिअरही ओढत नाही, तेव्हा 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरला 3 अँपिअरचा जांभळा ब्लेड फ्यूज पुरतो. याच वायरला 15 अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या सर्किटवर थेट जोडले, तर बिघाड झाल्यास ती तापत राहील आणि फ्यूज मात्र शाबूत राहू शकतो. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरमध्ये (धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) हीटर असल्याने त्याला जास्त प्रवाह लागतो. तिथे उत्पादकाने सांगितलेलाच फ्यूज घालावा. जादा सर्किट काढण्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये खोचायचा टॅप सोयीचा असतो, पण तो उलटा बसला तर नव्या सर्किटचा प्रवाहही जुन्या फ्यूजमधून जातो. टेस्टरने पुरवठ्याची बाजू आधी शोधावी.

काटा खोटे सांगू लागला की दोष बहुधा अर्थमध्ये सापडतो. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलत असेल, तर मीटरची अर्थ दिव्यांच्या अर्थशी एकाच गंजक्या स्क्रूवर आली आहे का ते पाहावे. एकाच वायरचा सेंडर (इंजिनावर बसणारा, मीटरला संकेत देणारा सेन्सर) इंजिनाच्या धातूतून अर्थ घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर रीडिंग बिघडते. सेंडर आणि मीटरची जोडीही जुळावी लागते: 10 ते 180 ओहमच्या सेंडरला 240 ते 33 ओहमचा मीटर लावल्यास काटा उलट्या दिशेने फिरतो.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर रबरी ग्रोमेटशिवाय (भोकात बसणारी रबरी कडी) नेऊ नये. पत्र्याची धार कंपनाने इन्सुलेशन कापते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना अजिबात हात लावू नये. जुन्या पद्धतीच्या अमीटरमधून (प्रवाह मोजणारा मीटर) चार्जिंगचा सगळा प्रवाह केबिनमध्ये येतो, त्यामुळे व्होल्टमीटर अधिक सुरक्षित. इंजिन बंद असताना तो सुमारे 12.6 आणि चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दाखवतो.