हळदीचा डाग लाल का होतो?

डब्यातल्या भाजीचा पिवळा डाग शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला आणि त्यावर कपड्यांच्या साबणाची वडी चोळली, की डाग निघण्याऐवजी पाहता पाहता विटकरी लाल होतो. भरपूर पाण्यात खळबळला, की तोच डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. मुलांनी आम्ल-आम्लारीचा धडा या डागापासून शिकावा, असे मला मनापासून वाटते.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या रेणूमुळे असतो. साबणाचे पाणी आम्लारीधर्मी असते. ते कर्क्युमिनमधला हायड्रोजन आयन काढून घेते, रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला लाल रंग दिसतो. साबण धुऊन गेला किंवा लिंबू पिळले, की हायड्रोजन आयन परत मिळतो. अशा रंग बदलणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. प्रयोगशाळेतला लिटमसही वनस्पतिसृष्टीच्या कडेवरचाच, दगडफुलांच्या जातकुळीतून मिळवलेला. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल मात्र वेगळे.

हळदीची एक मर्यादा आहे. साधे पाणी असो वा लिंबाचा रस, ती पिवळीच राहते, त्यामुळे आम्ल ओळखायला दुसरा दर्शक लागतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून पूजेसाठी फुले आणताना निळी गोकर्ण मिळाली, तर तिच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवाव्यात. ते निळे पाणी लिंबाने जांभळट गुलाबी होते आणि धुण्याच्या सोड्याने हिरवट.

रंगावरून प्रकार कळतो. तीव्रता मोजण्यासाठी सामू (pH) ही मोजपट्टी आहे; सामू जितका कमी, तितके हायड्रोजन आयन जास्त. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती 1909 मध्ये मांडली. शुद्ध पाण्याचा सामू 25 अंश सेल्सिअसला 7 आणि लिंबाच्या रसाचा साधारण 2. फरक पाचाचाच दिसतो, पण प्रत्येक पायरी दहापटीची असल्याने लिंबाच्या रसात हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाण्याच्या सुमारे 1,00,000 पट असते.

शौचालय साफ करण्याचे आम्ल या प्रयोगांत घेऊ नये, आणि कोणताही पदार्थ चाखून पाहू नये. घरात ताक आहेच. गाळणकागदाची एक पट्टी हळदीच्या पाण्यात, दुसरी गोकर्णीच्या पाण्यात बुडवून वाळवावी आणि दोन्हींवर ताकाच्या निवळीचा एकेक थेंब सोडावा: पहिली तशीच पिवळी राहील, दुसरीवर जांभळट ठिपका उमटेल.