रास्पबेरीचा पाय कुठे अडकला?

29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला. 35 डॉलरमध्ये लिनक्स ही मुक्त, म्हणजे सोर्स (मूळ कोड) कुणालाही वाचता-बदलता येणारी, ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा अख्खा संगणक! त्याचंच एवढं अप्रूप होतं, की तो सुरू कसा होतो हे फारसं कुणी विचारलं नाही. त्याच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये आधी जागा होतो तो ग्राफिक्स सांभाळणारा व्हिडिओकोर. तो एसडी कार्डावरून ‘बूटकोड.बिन’ आणि ‘स्टार्ट.एल्फ’ या फायली उचलतो, मेमरी कामाला लावतो आणि मग लिनक्ससाठी मुख्य एआरएम प्रोसेसरला उठवतो. या दोन्ही फायलींचा सोर्स बंद. कार्डावर डेबियनसारखं कितीही सोवळं, मुक्त लिनक्स टाका, घरमालक वेगळाच.

ऑक्टोबर 2012 मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर (लिनक्सला ग्राफिक्सच्या भागाशी बोलू देणारा प्रोग्राम) खुला केल्याची घोषणा झाली. पण खुली झाली ती एआरएमकडची बाजू. ती फक्त निरोप पोचवायची, काम चिपमधलं ते बंद सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरच करायचं. लिनक्सचे ग्राफिक्स डेव्हलपर डेव्ह एअरली यांनी लगेच त्यावर बोट ठेवलं. 2014 मध्ये ब्रॉडकॉमने थ्रीडी भागाची कागदपत्रं दिली, तेव्हा कुठे एरिक अनहोल्ट यांचा मुक्त ड्रायव्हर उभा राहिला. बूटचं, म्हणजे संगणक सुरू होण्याचं, कुलूप तसंच राहिलं. क्रिस्टिना ब्रूक्स यांनी मुक्त फर्मवेअर लिहून लिनक्सपर्यंत मजल मारली, पण रोजच्या वापराला ते पुरेसं नव्हतं.

वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणी. ऑलविनर ही चिनी चिप कंपनी जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना न पाळण्याबद्दल बदनामच. मात्र तिच्या ए20 चिपमध्ये एआरएमच आधी उठतो आणि यू-बूट हा संगणक सुरू करणारा मुक्त प्रोग्राम थेट चालवतो. मेमरी सुरू करण्याचा कोड ऑलविनरच्या चिपांवर लिनक्स आणणाऱ्या लिनक्स-सनशी समुदायाने उलगडून यू-बूटमध्ये घातला. बल्गेरियातल्या प्लोवदिव्हच्या ऑलिमेक्सने त्याच चिपवर लाइम2 बोर्ड काढला, आराखड्यांसकट खुला. 2019 मध्ये फ्रीडमबॉक्स या मुक्त घरगुती सर्व्हरचा तयार संच त्यावरच विक्रीला आला. त्या चिपमधल्या माली या ग्राफिक्स भागासाठीचा लिमा हा मुक्त ड्रायव्हर लुक वेरहेगन यांनी 2012 मध्ये दाखवला होता. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) शिरायला 2019 उजाडलं.

वायफाय हे जुनं दुखणं. बोर्डावरच्या बहुतेक वायफाय चिपांना बंद फर्मवेअर लागतं, म्हणून मुक्तवादी मंडळी यूएसबीला अ‍ॅथेरॉस एआर9271 या वायफाय चिपचा डोंगल लावतात. त्याचं फर्मवेअर 2013 मध्ये मुक्त झालं. चिपच्या आत कायमचा कोरलेला सुरुवातीचा कोड, म्हणजे बूटरॉम, मात्र कुणालाच बदलता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन त्याला सॉफ्टवेअर नव्हे, सर्किटच मानतात. मला ही पळवाट वाटते, पण ती नाकारली तर हातात एकही बोर्ड उरणार नाही.