पार्श्वभूमी : ‘प्लमी’ उच्चार म्हणजे नेमके काय?

एखाद्या इंग्रजाच्या बोलण्याला आज कुणी ‘प्लमी’, म्हणजे उच्चभ्रू वळणाचे, म्हणाले, तर त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त असतो. शब्द मात्र मुळात कौतुकाचा. सगळा घोळ आहे तो त्यातल्या ‘प्लम’चा.

‘प्लम’ म्हणजे अलुबुखार; पण ख्रिसमसच्या प्लम पुडिंग या गोड पदार्थात अलुबुखार नसतो, मनुका-बेदाणे असतात. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात सतराव्या शतकापासून मनुकांनाही प्लमच म्हणत. पुडिंगमधला सर्वांत हवासा घास तो, म्हणून मोक्याच्या, भरपगारी जागेला ‘प्लम जॉब’. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या बोलीत तर ‘प्लम’ म्हणजे एक लाख पौंड; १७५५ च्या गाजलेल्या इंग्रजी कोशात हा अर्थ दिलेला आहे. १८१२ मध्ये ऑस्ट्रेलियात हद्दपारी भोगणाऱ्या एका कैद्याने चोरांच्या बोलीचा छोटा कोश लिहिला. त्यात ‘प्लमी’ म्हणजे झकास, हवे तसे जमलेले.

‘तोंडात प्लम धरून बोलल्यासारखा उच्चार’ हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच अपुरे वाटते. गोल, घशाकडे ओढलेले स्वर त्यातून कळतात, पण श्रीमंतीची छटा कळत नाही. ती आधीपासून शब्दात होती. एकोणिसाव्या शतकात हे विशेषण आवाजाला लागले, तेव्हा मुरलेल्या पक्वान्नासारखा भरदार आवाज असा त्याचा भाव होता. त्या अर्थाला मराठीत ‘भारदस्त’ शोभतो. आजच्या अर्थाला ‘साहेबी’ म्हणावे लागेल.

हा बदल घडवण्यात रेडिओचा वाटा मोठा. ब्रिटनमध्ये १९२२ साली प्रसारण सुरू झाले आणि १९२६ मध्ये निवेदकांसाठी उच्चार समिती नेमली गेली. समितीचे काम वादग्रस्त शब्दांपुरते होते; पण निवेदकांच्या तोंडचा, महागड्या निवासी शाळांतला उच्चार घरोघरी ‘शुद्ध’ ठरला, आणि हा अन्यायच होता. १९४१ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरी वळणाचा एक निवेदक राष्ट्रीय बातम्या वाचू लागला, तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. हा ‘शुद्ध’ उच्चार करणारे किती? १९७४ च्या एका अंदाजानुसार लोकसंख्येच्या सुमारे ३ टक्के.

पुढे प्रादेशिक उच्चार प्रसारणात रुळले आणि ‘प्लमी’ला टोमण्याची धार चढली. खुद्द राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या ख्रिसमस भाषणांतले स्वरही १९५० ते १९८० च्या दशकांदरम्यान दक्षिण इंग्लंडच्या सामान्य बोलण्याकडे सरकले होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमापनात दिसले.