नाकातला माठ

"काही होत नाही हो काका, कुत्र्याला जिभेतून घाम येतो. काच बोटभर उघडी ठेवलीय. आम्ही तासाभरात येतोच."

मे महिन्यातली दुपार, रायगड जिल्ह्यातल्या एका अभयारण्याचं फाटक. पुण्याची गाडी, आईबाप, दोन मुलं आणि मागच्या सीटवर पांढरीशुभ्र हस्की. नाव बर्फी. वनरक्षकाने "कुत्रा आत चालणार नाय साहेब" म्हणून सांगितलं, त्यावर बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी बर्फीला गाडीत ठेवून चौघं पायवाटेने आत निघाले. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. जाता जाता त्या गृहस्थांनी माझी समजूत काढायला वरचं वाक्य टाकलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

कुत्र्याला जिभेतून घाम येत नाही. जिभेवर घर्मग्रंथीच नसतात. आपल्यासारखा पाणीदार घाम त्याला येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याचे ओले ठसे उमटतात ते त्याचे. पण चार पंजे मिळून पृष्ठभाग तो केवढा! एवढ्यावर अंग गार होणं शक्य नाही. मग अंगातली उष्णता जाते कुठून? जीभ आणि तोंड मदत करतात, पण खरं यंत्र आहे नाकात. तेही बाहेरून दिसणाऱ्या काळ्या बोंडीत नव्हे, तिच्या मागे, आत.

कुत्र्याच्या लांब थोबाडात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. सुरळीच्या वड्या एकमेकांत अडकवून बसवाव्यात तशा. त्यांच्यावर ओलसर अस्तर आणि त्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. जागा मुठीएवढी, पण गुंडाळ्या उलगडल्या तर पृष्ठभाग भलताच मोठा. श्वासाची हवा या गुंडाळ्यांमधल्या फटींतून जाते, अस्तरावरचं पाणी उचलते, आणि पाण्याची वाफ होताना लागणारा अप्रकट उष्मा रक्तातून खेचला जातो. 1 ग्रॅम पाण्यामागे साधारण 2400 जूल. दहावीच्या पुस्तकातलाच हिशोब, आणि माठातही हेच चालतं. माठ पाझरतो, वारा ते पाणी नेतो, आतलं पाणी गार होतं. कुत्र्याने आपला माठ नाकात ठेवलाय, इतकंच.

माठाला पाझर हवा, तसा यालाही आहे. नाकाच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला स्टेनोची ग्रंथी म्हणतात. कुत्रा तापला की ती पाणी सोडू लागते. हा स्टेनो म्हणजे भूगर्भशास्त्रात खडकांचे थर वाचायचा नियम सांगणारा, सतराव्या शतकातला डॅनिश निकोलस स्टेनो. एका माणसाने कातळही वाचावा आणि कुत्र्याचं नाकही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता खरी गंमत. वाफ होणं पुरेसं नाही, ती वाफ शरीराबाहेर गेली पाहिजे. नाकाने श्वास घेऊन नाकानेच सोडला तर काय होतं? आत येताना हवेने अस्तर गार केलेलं असतं. फुप्फुसातून परतणारी गरम, दमट हवा त्याच गार अस्तरावरून जाते, तिच्यातली वाफ तिथेच पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता परत करते. थंडीत हे फार सोयीचं, उष्णताही वाचते आणि पाणीही. उन्हाळ्यात मात्र ही काटकसर जिवावर येईल. 1970 साली प्राणिशरीरशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धापणाऱ्या कुत्र्यांच्या श्वासाचा मार्ग तपासला. हवा बहुतेक नाकाने आत येते आणि तोंडाने बाहेर जाते, असं त्यांना आढळलं. एकदिशा वाहतूक! नाकाने पाणी उचलायचं आणि परतताना नाक चुकवून तोंडाच्या दाराने निसटायचं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की कुत्रा हे प्रमाण गरजेप्रमाणे बदलतो. थोडं तापलं तर नाकानेच सोडतो, जास्त तापलं तर तोंडाने. म्हणजे हा एक व्हॉल्व्ह आहे, आणि बाहेर लोंबणारी जीभ ही तो पूर्ण उघडल्याची खूण. (या श्मिट-नील्सेन यांचा ड्यूक विद्यापीठात पुतळा आहे. ते समोर उभ्या असलेल्या उंटाकडे बघतायत. शास्त्रज्ञाचा पुतळा असावा तर असा.)

धाप टाकणं हेही एक काम आहे, आणि कामाने पुन्हा उष्णता तयार होते. मिनिटाला तीनशेच्या वर श्वास घ्यायचे तर छातीचे स्नायू तापतील, आणि गार होण्यापेक्षा गरमच जास्त होईल. इथे आपल्या पडवीतला झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत पायाने नुसता ठेका दिला तरी झोपाळा तासभर हलतो. लय सोडून रेटायला गेलात तर दमछाक. कुत्र्याच्या बरगड्या, फुप्फुसं आणि छाती-पोटामधला पडदा यांची मिळून अशीच एक नैसर्गिक लय आहे, मिनिटाला साधारण 320 वेळा. 1962 साली क्रॉफर्ड नावाच्या संशोधकाने ती मोजली तेव्हा आढळलं की कुत्रा धापतो तो जवळजवळ नेमका याच लयीत. याला अनुस्पंदन म्हणतात, म्हणजे रेझोनन्स. म्हणून कुत्र्याची धाप हळूहळू वाढत नाही. तीस-चाळीसवरून एकदम तीनशेच्या घरात उडी मारते. मधल्या वेगात धापणं त्याला परवडत नाही.

आणखी एक पेच राहतो. ज्यांना रसायनाचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. इतक्या वेगाने श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघेल, रक्त अल्कधर्मी होईल आणि चक्कर येईल, आपल्याला भराभर श्वास घेतल्यावर येते तशी. कुत्रा त्यातून वाचतो कारण त्याचे हे श्वास उथळ असतात. हवा नाक-घशाच्या वाटेतच येजा करते. वायूंची देवाणघेवाण जिथे होते त्या वायुकोशांपर्यंत त्यातली थोडीच पोचते. वाटेतल्या या जागेला शरीरशास्त्रात मृत अवकाश म्हणतात. कुत्र्याच्या बाबतीत हे नाव साफ चुकीचं आहे, कारण त्याचा जीव तर तिथेच वाचतो. उष्णता फारच वाढली की मात्र श्वास खोल होऊ लागतात, कार्बन डायऑक्साइड खरोखरच घसरतो, आणि तिथून घसरण सुरू होते.

तर आता कोकण.

माठ नागपुरात उन्हाळ्यात झकास गार होतो. गुहागरात होत नाही. विदर्भात घरोघर कूलर असतो, पण रत्नागिरीत कुणी कूलर घेतला तर शेजारी हसतील. कारण हवेत आधीच भरलेलं बाष्प. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा साधारण 39 अंशांची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प न मावणारी, धरली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये 48 ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर आत येणाऱ्या हवेत फक्त 9 ग्रॅम. म्हणजे कुत्र्याला 39 ग्रॅम भर घालता येते. कोकण किनाऱ्यावर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत आत येतानाच 25 ग्रॅम, भर घालायला उरतात 23. थर्मामीटर पाच अंश कमी दाखवतोय, आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकायला कुत्र्याला जवळजवळ पावणेदोनपट हवा आत-बाहेर करावी लागतेय. ऊन-वाऱ्याचा हिशोब यात नाही, ही फक्त नाकाची बाजू. पण कुत्र्याची मुख्य बाजू तीच.

याहून फसवी गोष्ट म्हणजे संध्याकाळ. सूर्य कलला, पारा 29 वर आला, आर्द्रता 85 टक्के झाली. हिशोब करा, बाष्प तेच, साधारण 24 ग्रॅम. पहाटे 27 अंश आणि 95 टक्के, तरी तेच. अंगावर ऊन नाही आणि हवा अंगापेक्षा बरीच गार आहे, हा फायदा मिळतोच. पण नाकातला माठ चोवीस तास सारखाच अडलेला असतो. घाटावर सूर्य बुडाला की कुत्र्याला मोकळं वाटतं, तसं इथे वाटत नाही. समुद्राच्या वाऱ्याने आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला सुखद वाटतं. केसाळ, घाम नसलेल्या जनावराला त्याचा तेवढा उपयोग नाही.

आणि बंद गाडी? उन्हातल्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे 22 अंशांनी चढू शकतं, त्यातला 80 टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच थोडी खाली ठेवून फार फरक पडत नाही, हे अमेरिकेत 2005 साली मोजून दाखवलंय. त्यात कुत्रा स्वतः भर घालतो. 25 किलोचा कुत्रा नुसता बसला तरी चाळीस वॉटच्या ट्यूबलाइटएवढी उष्णता देतो. ती बाष्पाने बाहेर टाकायची तर तासाला साठेक ग्रॅम पाणी वाफ व्हायला हवं. गाडीतली हवा तीन घनमीटर धरा. कोकणातले मुळातले 25 ग्रॅम आणि त्यावर ही भर, म्हणजे तासाभरात आतली हवा त्याच्या श्वासाइतकीच दमट होत आली. प्रत्यक्षात तो धापणार, म्हणजे याहून लवकर. नंतर तीनशे काय, तीन हजार वेळा धापला तरी उपयोग शून्य.

सपाट नाकाच्या जातींचं तर बोलायलाच नको. पग, फ्रेंच बुलडॉग यांना दिसायला गोंडस म्हणून माणसांनी असं पैदाशीत घडवलं, आणि त्या नादात सुरळीच्या वड्यांची जागाच चेपून टाकली. गाडीतून त्यांना मे महिन्यात कोकण दाखवायला आणणाऱ्यांना मी काय म्हणावं!

उपायांच्या नावाखाली जे चालतं तेही ऐकण्यासारखं आहे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. ठेवा बापडे, खिशातला कांदा निदान निरुपद्रवी आहे. पण "कांदा थंड" म्हणून तो कुत्र्याला ताकात कालवून घालतात, तेव्हा प्रकरण गंभीर होतं. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलेला कांदाही चालत नाही. दुसरीकडे महागडी कूलिंग जाकिटं. त्यातली बरीचशी भिजवून घालायची असतात, म्हणजे पुन्हा माठच. राजस्थानात छान, हरिहरेश्वरात जेमतेम ओलं फडकं. हस्कीचे केस भादरणं हाही असाच उद्योग, कारण तो कोट ऊनही अडवतो.

आता फाटकावरच्या हुज्जतीबद्दल. "माझा कुत्रा पट्ट्याला बांधलेला असतो, कुणाला काय त्रास देतोय?" हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट या संशोधकांनी सिडनीजवळच्या रानवाटांवर नेमकं हेच तपासलं आणि 2007 मध्ये प्रसिद्ध केलं. पट्ट्याला बांधलेला कुत्रा फिरवून नेल्यावर पक्ष्यांच्या जातींची विविधता 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी घटली. नुसती माणसं चालून गेली तर परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी. जिथे रोज कुत्रे फिरतात तिथल्या पक्ष्यांनाही त्याची सवय झालेली नव्हती. त्यात रोगाचा भाग वेगळा. गोवराच्या विषाणूचा भाऊबंद असलेला डिस्टेंपर कुत्र्यांकडून रानात जातो. 1994 मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मारले, आणि 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हाही तो सापडला. लसीचं कार्ड गाडीत आहे म्हणून जंगलाला ते वाचता येत नाही. आणि बिबट्याला कुत्रा हा मेजवानीसारखा. सह्याद्रीपलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला वजनाने जवळजवळ 40 टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. तेव्हा फणसाड असो, कर्नाळा असो की वर चांदोली, कुत्रा बाहेरच बरा.

अभयारण्याबाहेर कोकण पुष्कळ पडलंय. फक्त वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे कुत्रा मोकळा सोडू नका. ऑलिव्ह रिडले कासविणीने वाळूत पुरलेली शंभरेक अंडी कुत्र्याच्या नाकापासून लपत नाहीत. कातळशिल्पं बघायला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाणार असाल तर जांभ्यावर आपल्या हाताची पालथी बाजू टेकवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्या पंजांनाही ठेववणार नाही. आणि न्यायचं तर डिसेंबर-जानेवारीत न्या, तेव्हा बाष्पही कमी असतं.

त्या दिवशी वीस मिनिटांत बर्फी सीटवर आडवी झाली. लाळ चिकट, जीभ विटकरी. वनरक्षकाने मालकाला फोन लावला, तो धावत आला आणि कुलूप उघडलं. टपरीवाल्या मावशींनी विहिरीच्या दोन कळशा आणल्या. सावलीत आडवी ठेवून पोटावर, जांघेत, पायांवर पाणी ओतत राहिलो. टॉवेल गुंडाळू दिला नाही, कारण तो गरम होऊन पांघरुणासारखा बसतो. विहिरीचं पाणी इथे उपयोगी पडतं ते वाफ होऊन नव्हे. ते स्वतः अंगापेक्षा बारा-पंधरा अंशांनी गार असतं आणि पाणी हवेच्या पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे. दमट हवेला ते अडवता येत नाही.

थोड्या वेळाने ती उठून बसली, पुन्हा नेहमीसारखी धापू लागली. तेव्हा मी निर्लज्जपणे मोबाइलवर दहा सेकंदांचं चित्रण केलं आणि घरी येऊन हळू वेगाने मोजलं. बावन्न. मिनिटाला 312. मालकाला मी तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशीही वर येऊ शकते. ते गाडीत एसी लावून निघायच्या तयारीत असताना बर्फीने एकदम तोंड मिटलं आणि नाकाने सावकाश श्वास घेऊ लागली. मधला वेग नव्हताच.