करवंद

कण्हेर, चाफा, कुडा यांच्या कुळातले सदाहरित काटेरी झुडूप. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरँडास. लिनीअसने ते १७६७ साली दिले. कॅरिसा कंजेस्टा या नावानेही त्याच्या नोंदी सापडतात. पुण्याच्या आसपास वेताळ टेकडी, कात्रजचा घाट, सिंहगडाचे उतार ही त्याची ठरलेली ठिकाणे. बेसाल्टच्या कातळावर वीतभर मुरमाड माती असली तरी त्याचे भागते.

एकटे झुडूप क्वचितच दिसते. फांद्या एकमेकींत गुंतून करवंदीच्या जाळ्या होतात. उंची साधारण दोन-तीन मीटर. पाने समोरासमोर, चिवट, वरून तुकतुकीत. काटे बहुधा जोडीने येतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले. पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटून बसतो.

करवंद म्हटले की डोळ्यांपुढे फळ येते. फुलांवर त्यामुळे अन्यायच झाला आहे. फाल्गुन-चैत्रात, टेकडीवरचे गवत पार वाळलेले असताना, फांद्यांच्या शेंड्यांना पांढऱ्या फुलांचे झुबके लागतात. कळीवर गुलाबी झाक, खाली बारीक नळी, वर पाच निमुळत्या पाकळ्या. वास जाईच्या जवळचा, थोडा गोडसर. सकाळी जाळीजवळून जाताना तो आधी येतो, फुले मागाहून दिसतात. टेकडीवर रोज फिरायला येणारेही त्यासाठी थांबताना दिसत नाहीत.

फळे वैशाख-ज्येष्ठात पिकतात: आधी हिरवी, मग लालसर, शेवटी काळीभोर. तेव्हा मुळशी-मावळातल्या बायका पाट्या घेऊन येतात, ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी ऐकू येते आणि पानांच्या द्रोणांतून करवंदे विकली जातात. मुले फळ अर्धे चावून कोंबडा की कोंबडी ते ठरवतात. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. कच्च्या करवंदांचे लोणचे आणि चटणी करतात. फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान धरते. बेकरीत केकवर बसणारी स्वस्त लाल चेरी पुष्कळदा करवंदच असते: बी काढलेले, पाकात मुरवलेले आणि रंगवलेले.

टेकडीला मात्र फळापेक्षा जाळीचा उपयोग जास्त. मुळे मुरूम धरून ठेवतात. काट्यांमुळे गुरे आत तोंड घालत नाहीत, म्हणून जाळीच्या पोटात पडलेल्या बीला रोप होईपर्यंत आसरा मिळतो. बुलबुल तिथे घरटे बांधतो, फळे खातो आणि बिया दूरवर टाकतो. वणव्यात वरच्या फांद्या जळाल्या तरी बुंध्यापासून नवे फुटवे येतात. झाडे लावायची म्हणून आधी ‘झुडपे साफ’ करणे हा उत्साह त्यामुळे टेकडीच्याच मुळावर येतो. खड्ड्यातल्या रोपाला पाणी घालावे लागते, करवंदीला कोणी घालत नाही.

लागवड मुख्यतः बियांपासून होते. बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकल्या फळातून काढल्या की त्या धुऊन लगेच पावसाच्या तोंडावर पेरतात. रोपे सुरुवातीला सावकाश वाढतात. शेताच्या बांधावर जवळजवळ लावून छाटत राहिले की काही वर्षांत गुरांना न जुमानणारे कुंपण तयार होते. छाटलेल्या कुंपणाला फळे कमी धरतात.