दुहेरी ग्राफिक्स कार्ड जोडणी

दुहेरी ग्राफिक्स कार्ड जोडणी : एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवून गेमची दृश्ये रेखाटण्याचे काम त्यांच्यात वाटून देण्याची पद्धत. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डाने १९९८ मध्ये ती घराघरांतल्या गेमरांपर्यंत नेली. त्यात एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी काढी, दुसरे विषम. एकट्या कार्डाला ८०० × ६०० पर्यंतच जाता येई; जोडीला १०२४ × ७६८ झेपत असे. पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणि एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर या नावाने अशीच जोडणी आणली.

या नव्या पिढीत ओळींऐवजी फ्रेम (पडद्यावर एकामागून एक उमटणारी पूर्ण चित्रे) वाटून घेण्याची रीत रूढ झाली : पहिली फ्रेम एका कार्डाकडे, पुढची दुसऱ्याकडे. कागदावर वेग दुप्पट, पण प्रत्यक्षात तो गेमनुसार बदले. ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या गेमचे प्रोफाइल, म्हणजे काम कसे वाटायचे याची सेटिंग, नसेल तर दुसरे कार्ड नुसतेच बसून राही. मेमरीचीही बेरीज होत नसे. दोन्ही कार्डांना तेच टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) आपापल्याकडे ठेवावे लागत असल्याने ४ जीबीची दोन कार्डे लावली तरी गेमला ४ जीबीच मिळत.

खरी गोम मात्र फ्रेमांमधल्या अंतरात होती. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. जोडीतल्या फ्रेमा आळीपाळीने ८ आणि २५ मिलिसेकंदांनी आल्या तरी सरासरी साधारण ६०च भरते. डोळ्यांना मात्र खेळ ४० फ्रेमांइतकाच अडखळत चाललेला दिसतो. हा मायक्रोस्टटर सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेमा) आकड्यात लपून जाई. २०१३ च्या सुमारास परीक्षकांनी प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी उमटवून कार्डातून बाहेर पडणारे चित्र जसेच्या तसे रेकॉर्ड करायला सुरुवात केली, तेव्हा क्रॉसफायरच्या काही फ्रेमा पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्याच उमटत असल्याचे दिसले. मोजणीत त्या पूर्ण फ्रेम म्हणूनच धरल्या जात होत्या! एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रेमांचे अंतर सांभाळणारा ड्रायव्हर दिला. एसएलआयमध्ये हा दोष कमी होता, नव्हताच असे नाही.

विजेचा आणि उष्णतेचा हिशेब वेगळाच. एकाच कार्डावर दोन ग्राफिक्स चिप असलेले एएमडीचे रेडिऑन आर९ २९५एक्स२ (२०१४) ५०० वॅटचे होते; ते थंड ठेवायला कंपनीने सोबत वॉटर कूलर दिला होता.

घसरण गेमच्या इंजिनांमुळेही झाली. कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेमची माहिती वापरणारी तंत्रे रुळली आणि एका कार्डाला दुसऱ्याच्या फ्रेमची वाट पाहणे भाग पडले. गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ या सॉफ्टवेअरने जोडणी सांभाळण्याचे काम गेम बनवणाऱ्यांच्या हाती सोपवले. मोजक्या ग्राहकांसाठी एवढा खटाटोप करायला फारसे कोणी तयार झाले नाही. २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून एनव्हिडियाने एसएलआय दोन कार्डांपुरते आणले, १ जानेवारी २०२१ पासून नवी प्रोफाइले देणे थांबवले आणि आरटीएक्स ४०९० वर तर जोडणीचा कनेक्टरच ठेवला नाही.

ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या रेंडरिंगच्या (चित्र तयार करून घेण्याच्या) कामात मात्र दुसरे कार्ड आजही पैसे वसूल करून देते. तिथे फ्रेम पूर्ण व्हायला किती सेकंद लागले एवढेच बघायचे असते. ती कोणत्या मिलिसेकंदाला आली, याने काही बिघडत नाही.