ॲड्जेक्टिव्ह (विशेषण) नामाच्या आधीच येते? नाई भाऊ
गावातल्या ट्युशनमधी पोट्ट्यायकडून अजूनही घोकून घेतेत का इंग्रजीत ॲड्जेक्टिव्ह नामाच्या आधीच येते, मंग 'द कॉटन इज व्हाइट' मधलं व्हाइट काय हाय बे? 'इज'च्या मागून आलं तरी ते ॲड्जेक्टिव्हच, याले प्रेडिकेटिव्ह म्हणतेत, नामाआधी आलं तर ॲट्रिब्युटिव्ह. बहुतेक शब्द दोन्हीकडं चालतेत. पण 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, 'ॲन अस्लीप बेबी' नाई चालत, अन् 'मेन'चं उलटं, 'द मेन रोड' होते, 'द रोड इज मेन' नाई होत. खरी गंमत 'लेट'ची. 'द सरपंच इज लेट' म्हणजे ग्रामसभेले उशीर करून राह्यले, अन् 'द लेट सरपंच' म्हणजे गेले बिचारे वरती, तवा सत्काराच्या बॅनरवर हे छापू नका.